साडेचार डोळे

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून असलेल्या टेबलाशी बसून मावशी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढायची. सत्तावीस वर्षं झाली होती या कामाला. लाँड्रीचा मालक तिच्याहून वयाने मोठा, पण तोही तिला मावशीच म्हणायचा, आणि ते ऐकून गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली होती. कोट हातात आला की तिला आधी डाग दिसे आणि मग कोट. "हा कॉफीचा नाही, शाईचा आहे," ती म्हणायची, "आणि घरी कुणीतरी साबण चोळून आधीच घोळ घातलाय." गिऱ्हाईक ओशाळून हसलं की समजायचं, बाण बरोबर लागला.

हीच नजर घेऊन ती संध्याकाळी कॉम्प्युटरसमोर बसायची. तिला वेड होतं लपलेल्या वस्तू शोधायच्या खेळांचं. पडद्यावर एक खोली, त्यात खच्चून भरलेली अडगळ, आणि खाली यादी: कात्री, किल्ली, निळं बटण, तुटका कप. शोधा. एवढाच खेळ. नवऱ्याला यात काय मजा आहे ते कधी कळलं नाही. तो शाळेची बस चालवायचा आणि सकाळ-दुपारच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात फोनवर रंगीत मणी तीन-तीन जुळवून फोडत बसायचा.

"दिवसभर लोकांच्या कपड्यांत शोधतेस, घरी येऊन पुन्हा शोधतेस," तो म्हणायचा. "सापडतंय का काही?"

"तुमच्यासारखं मणी फोडत बसण्यापेक्षा बरं."

मावशीची या खेळांबद्दलची मतं पक्की होती, आणि ती ऐकवायला तिला निमित्त लागत नसे. ती म्हणायची, लपवणं आणि चोरणं यात फरक आहे. चित्रकाराने कात्री पडद्याच्या घडीत अशी ठेवावी, की सापडल्यावर आपण कपाळावर हात मारावा: अरे, समोरच तर होती! पण काळ्या कोळशावर काळी कात्री ठेवून वर दिवा मालवला, तर ते लपवणं नव्हे, ती लबाडी. यादीत 'वाटी' लिहिलं असेल तर चित्रात वाटीच हवी, वाटीसारखं दिसणारं फूल नको. आणि अडलेल्या माणसाला मदत करणारं जे हिंटचं बटण असतं, ते दोन-दोन मिनिटं झोपून राहायला लागलं की खेळ करणाऱ्यांची नियत फिरली म्हणून समजावं.

मणी जुळवायच्या खेळांना ती अगदीच कमी लेखत होती असं नाही. तेही खेळायची, शोधायच्या खेळांतही मधेमधे तसे डाव यायचे. पण तिथली बनवाबनवी तिला लगेच कळायची. "शेवटच्या तीन चाली उरल्या की निळा मणी वरून पडायचाच बंद होतो," ती नवऱ्याला सांगायची. "तोपर्यंत निळ्यांचा पाऊस. मग वरती पाटी येते, आणखी पाच चाली विकत घ्या. तुम्ही हरत नाही हो, तुम्हाला हरवतात." नवरा म्हणायचा, "असेल," आणि पुढचा मणी सरकवायचा.

ही मतं मावशी वहीत लिहायची. त्या वहीचं पुढे जे व्हायचं, ते तिची मैत्रीण करायची.

मैत्रीण ग्रंथालयात होती. पुस्तकं देणं-घेणं, शिक्के मारणं, उशीर झालेल्यांना दटावणं, हे तिचं काम. दोघी शाळेपासूनच्या. बारा वर्षांपूर्वी मैत्रिणीनेच हौसेने एक वेबसाइट काढली, नाव ठेवलं 'शोधाशोध'. मावशीने खेळ खेळावा, वहीत लिहावं, आणि दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात नेऊन द्यावं. मैत्रीण ते टाइप करून साइटवर चढवायची. डाग काढायच्या औषधांनी मावशीच्या बोटांची टोकं चिरलेली असायची, की-बोर्ड तिला नको वाटायचा. साइटवर तिचं नाव होतं 'भिंग'. भिंग खेळाला पाचपैकी डोळे द्यायची. पाच डोळे बारा वर्षांत दोनदाच दिले होते. आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी एक परिच्छेद ठरलेला असायचा: 'कमी दिसणाऱ्यांसाठी'. ज्यांची नजर मंद झाली आहे, ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यांनी हा खेळ घ्यावा की नाही, ते त्यात असायचं. हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. लाँड्रीत चष्मा कपाळावर सरकवून, पावती नाकाला लावून वाचणारी म्हातारी माणसं ती रोज बघायची, त्यातून आलं होतं.

छापून आलेलं स्वतःचं लिखाण मात्र ती कधी वाचायची नाही. "उष्टं पुन्हा ताटात वाढून घेतल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. वाचकांची पत्रं मैत्रीण चहाबरोबर वाचून दाखवायची, आणि मावशी खिडकीबाहेर बघत, काही वाटत नाही असं दाखवत, शब्दन् शब्द ऐकायची.

दर शनिवारच्या त्या दुपारी मैत्रिणीची मुलगीही असायची, लहानपणापासून. तिचं घरातलं नाव बबडी. ती जमिनीवर पालथी पडून भरगच्च कपाटांची चित्रं काढायची आणि मावशीपुढे धरायची. बबडी मोठी झाली, चित्रकला शिकली, आणि दीड वर्षापूर्वी तिला 'काजवा' नावाच्या कंपनीत नोकरी लागली. काजवावाले नेमके हेच खेळ बनवायचे. त्या आनंदात मावशीने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा लाँड्रीला न सांगता अर्धा दिवस दांडी मारली.

तर एका बुधवारी एक बाई लाँड्रीत राखाडी कोट घेऊन आल्या. सत्तरीच्या, ताठ, उजव्या डोळ्याचं बुबुळ दुधाळ झालेलं. पूर्वी मोठ्या इस्पितळात मुख्य परिचारिका होत्या. सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. मालकाला बढाई मारायची सवय. तो म्हणाला, "काळजीच करू नका सिस्टर, आमच्या मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही. ती इंटरनेटवर भिंग म्हणून लिहिते ना, ती हीच."

सिस्टरांनी कोट काउंटरवर ठेवला. "भिंग? त्या खेळांचं लिहितात त्या?"

मावशी तेवढ्यात पडद्याआडून बाहेर आली होती. तिला वाटलं, आता दोन कौतुकाचे शब्द कानावर पडणार. तिने हात पुसले.

"बरं झालं भेटलात," सिस्टर म्हणाल्या. "मला तुमच्याशी भांडायचंय."

मालक हळूच हिशेबाच्या खोलीत सटकला.

"एक डोळा गेल्यापासून मी तुमचं वाचूनच खेळ घेते," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "तुम्ही 'बुडालेलं हॉटेल' घ्या म्हणालात, मी घेतला. तळघरापर्यंत पोचले आणि मला काही म्हणजे काही दिसेना. यादीत अकरा वस्तू, मला दिसतायत दोन. महिनाभर रोज बसायचे. मला वाटलं, संपलं. दुसरा डोळाही निघाला. डॉक्टरकडे गेले. घरात कुठे काय ठेवलंय ते डोळे मिटून पाठ करायला लागले, माहीत आहे? आंधळं झाल्यावर सापडावं म्हणून."

"पण मी तर तो घेऊ नका म्हणून लिहिलं होतं," मावशी म्हणाली.

सिस्टरांनी पर्समधून फोन काढला, अक्षरं मोठी केली आणि तिच्यापुढे धरला.

'बुडालेलं हॉटेल. साडेचार डोळे.' खाली लिहिलं होतं, की काळोखाचा इतका समजून-उमजून केलेला वापर भिंगने क्वचितच पाहिला आहे. तळघराच्या चित्रात तर चित्रकाराने कमाल केली आहे. मधले मणी जुळवायचे डाव आव्हान देणारे पण न्याय्य आहेत. नक्की घ्या. शेवटचा परिच्छेद नव्हताच.

मावशीने दोनदा वाचलं. तिला आठवत होतं की तिने दीड डोळा दिला होता.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"नाव तर तुमचंच आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि पावती घेऊन गेल्या.

त्या दिवशी मावशीने एका शर्टावरचा डाग काढताना भलतंच औषध लावलं आणि बाहीचा रंगच उडवला. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

घरी गेल्यावर तिने जुन्या वह्या काढल्या आणि नवऱ्याला साइट उघडायला लावली. तो एकेक परीक्षण मोठ्याने वाचू लागला, ती वहीवर बोट ठेवून ताडून बघू लागली. पहिली दहा-बारा शब्दशः जुळली. "इथे स्वल्पविरामसुद्धा तुझाच आहे," नवरा म्हणाला. मग एक आलं, ज्यात दोन डोळ्यांचे चार झाले होते. पुन्हा पाच बरोबर. मग आणखी एक. अशी सात निघाली. सातही खेळ काजवाचे होते, आणि सातही गेल्या दीड वर्षातले.

नवरा वाचायचा थांबला. दोघांनाही एकाच वेळी कळलं होतं.

"बबडीला माहीत असेल?" त्याने विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली. मग वही मिटत, "मला काय माहीत. कालपर्यंत मला वाटत होतं तिच्या आईलाही मी ओळखते."

शनिवारपर्यंत तिने कसाबसा दम धरला. ग्रंथालयात वाचणारे दोघंतिघंच होते. मैत्रिणीने नेहमीसारखे दोन कप भरले, बिस्किटांचा डबा उघडला आणि वहीसाठी हात पुढे केला. मावशीने वही तिच्या हातात दिली, पण जुनी.

"पान एकोणीस. वाच. मग तुझ्या साइटवरचं वाच."

मैत्रिणीने पान उघडलं, बघितलं, आणि चष्मा काढून पुसू लागली. "अगं, जरा भाषा घासूनपुसून घेतली. तुझं लिहिणं कधीकधी फार टोचतं बघ."

"'घेऊ नका'चं घासूनपुसून 'नक्की घ्या' होतं?"

"हळू बोल, लोक वाचतायत."

"सात आहेत. मी मोजलीत."

मैत्रिणीने डब्याचं झाकण लावलं. थोडा वेळ ती शिक्क्याच्या दांड्याशी चाळा करत राहिली. मग तिने सगळं सांगून टाकलं, फार आढेवेढे न घेता, जणू कधीतरी विचारलं जाणार याची तयारी होतीच. तेव्हा बबडी नोकरीत नवीन होती, कायम व्हायची होती. तिच्या मॅनेजरचा फोन आला. "गोडच बोलला गं. म्हणाला, तुमच्या साइटवर आमच्याबद्दल जे येतं ते आम्ही मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवतो. तुमची मुलगीही असते तिथे. एवढंच बोलला. पुढे काही बोलायची गरजच नव्हती."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू लिहायची थांबली असतीस."

"थांबले असते. काजवाचं काहीच लिहिलं नसतं."

"आणि मग त्याने विचारलं असतं, भिंग आमच्याबद्दल गप्प का? मी काय करायला हवं होतं? माझी एकुलती एक मुलगी आहे."

मावशीने तिला सिस्टरांचं सांगितलं. दुसरा डोळा गेला असं त्यांना वाटलं, डोळे मिटून त्या घर पाठ करत होत्या, सगळं. मैत्रीण ऐकत होती, पण ऐकता ऐकता तिचा चेहरा आक्रसत गेला, आणि ती फटकन म्हणाली, "अगं, खेळ आहेत ते! चित्रातली कात्री सापडली नाही म्हणून कुणाचा जीव गेलाय का आजपर्यंत?"

मावशीला मारल्यासारखं झालं. बारा वर्षं हीच बाई तिला सांगत होती, की लोक तुझ्या लिहिण्याची वाट बघतात, तू लिहितेस ते महत्त्वाचं आहे, कंटाळा करू नकोस.

"तू सध्या कुठला खेळतेस?" मावशीने विचारलं.

"म्हणजे?"

"खेळ. सध्या कुठला चालू आहे तुझा?"

मैत्रिणीने बिस्किटांचा डबा बाजूला सरकवला.

"शेवटचा कधी खेळलीस?"

"पहिले दोन-तीन खेळले होते," मैत्रीण म्हणाली. "मला डोकं दुखतं गं त्याने. तू तेव्हा कशी झाली होतीस आठव. तुझी आई गेल्यावर चार-चार दिवस कुणाशी बोलत नव्हतीस. फक्त त्या चित्रांत डोकं घालून बसायचीस. मला वाटलं, त्याचंच काहीतरी करूया. निदान शनिवारी बाहेर तरी पडशील. तुझ्यासाठी केलं मी ते सगळं."

हे ऐकून मावशीला गलबलून यायला हवं होतं. कदाचित दहा दिवसांपूर्वी आलंही असतं. आता तिला एवढंच कळलं, की जे तिला दोघींचं वाटत होतं ते कधीच दोघींचं नव्हतं. आजाऱ्याच्या हाती खुळखुळा द्यावा तशी ती साइट तिला दिलेली होती, आणि गरज पडल्यावर खुळखुळा काढून घेऊन दुसऱ्या कामाला लावला होता. तिने वही पिशवीत टाकली.

"आठ दिवस देते. मी लिहिलेलं जसंच्या तसं परत लाव, आणि खाली लिही, की मधे बदललं होतं आणि त्यात भिंगचा हात नव्हता."

"पुढच्या महिन्यात ती कायम होतेय. तेवढं होऊ दे. मग लावते, तुझी शपथ."

"माझी नको घेऊस," मावशी म्हणाली. चहा तसाच राहिला.

मंगळवारी बबडी लाँड्रीत आली. तिला काहीच माहीत नव्हतं, हे ती दारातून आत येण्याआधीच मावशीला दिसलं. गळ्यातला मफलर काढून टेबलावर टाकत ती म्हणाली, "मावशी, यावर रंग सांडलाय. आणि ओरडायचं नाही, मी पाणी लावलेलं नाही." मग ती स्टुलावर बसली, पाय हलवत, आणि ऑफिसातलं सांगत सुटली. बोलता बोलता तिने फोनमधला एक फोटो दाखवला. तिचं ऑफिसातलं टेबल, रंगांच्या कांड्या, आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेला एक कागद. कागदावर मोठ्या अक्षरात एक ओळ होती: 'तळघराच्या चित्रात तर चित्रकाराने कमाल केली आहे.'

"माझी बाजू घ्यायची नाही म्हणून तू कधी तोंडावर कौतुक करत नाहीस, मला माहीत आहे," बबडी म्हणाली. "पण तू लिहिलंस. या एका ओळीवर मी वर्ष काढलंय. तुला खरंच आवडलं होतं ना तळघर?"

मावशीच्या हातात ब्रश होता. एक 'हो' म्हटलं की भागणार होतं. पोरगी हसत निघून गेली असती, महिन्याने कायम झाली असती, तिच्या आईनेही कदाचित मागाहून शब्द पाळला असता. मावशीने तोंड उघडलंही. पण आजवर तिने या पोरीला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांची असताना बबडीने काढलेल्या कपाटातला उंदीर तिला सापडला, तेव्हाही तिने स्पष्ट सांगितलं होतं की शेपूट फारच बाहेर आलंय.

"ती ओळ माझी नाही," ती म्हणाली. "मी दीड डोळा दिला होता. तळघर मला आवडलं नव्हतं. इतका काळोख होता की मला तो अप्रामाणिकपणा वाटला."

बबडीचे पाय हलायचे थांबले. मग मावशीने तिला बाकीचं सांगितलं, जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्या. आईबद्दल एकही वाईट शब्द न वापरता. पण गोष्टच अशी होती, की वाईट शब्दांची गरज नव्हती.

बबडी कितीतरी वेळ मफलरच्या कडेचा धागा ओढत राहिली.

"तळघरात मी नऊ दिवे काढले होते," शेवटी ती म्हणाली. "टेबलांवर. पाणी शिरलंय, पण दिवे तरंगतायत, आणि प्रत्येक दिव्याच्या उजेडात एक-दोन वस्तू. मला वाटलं होतं, तुला आवडेल. मॅनेजरने त्यातले सात मालवले. म्हणाला, एवढं पटापट सापडलं तर हिंट विकत कोण घेणार? मी भांडले, मावशी. खरंच भांडले. दोन आठवडे भांडत होते. मग तुझं परीक्षण आलं. त्याने सगळ्यांसमोर वाचलं आणि मला म्हणाला, बघ, तुझ्या मावशीलाही अंधारच आवडला."

"आणि मग?"

"मग काय. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय. तू म्हणतेस म्हणजे असेल. त्यानंतरचे तीन खेळ मी काळेच काढलेत. आता मला कुणी मालवायला सांगावं लागत नाही."

ती उठली. मावशीला वाटलं, ती गळ्यात पडेल. पण बबडी म्हणाली, "एवढी सगळी परीक्षणं, आणि तू एकदाही उघडून बघितली नाहीस? एकदाही?" उष्ट्याची ती गोष्ट तिच्या ओठांवर आली आणि तिला तिची लाज वाटली. बबडीने टेबलावरचा मफलर उचलला आणि रंगाच्या डागासकट गळ्यात घालून निघून गेली.

त्या संध्याकाळी मायलेकींचं काय झालं ते मावशीला कुणी सांगितलं नाही. गुरुवारी नवरा दुपारच्या फेरीला जाण्याआधी लाँड्रीत डोकावला आणि म्हणाला, "साइट गेली."

"गेली म्हणजे?"

"उघडतच नाही. सगळं पुसलंय."

मैत्रिणीने दुरुस्ती केली नव्हती. तिने बारा वर्षांचं सगळंच काढून टाकलं होतं, खरं आणि खोटं एकदम. वाचकांची पत्रं, दोनदाच दिलेले पाच डोळे, तो शेवटचा परिच्छेद, सगळं. संध्याकाळी तिचा एकच निरोप आला: 'बबडी घर सोडून गेली. झालं तुझं समाधान?' मावशीने त्याला उत्तर लिहायला घेतलं. एका बोटाने टाइप करत तिने तीन ओळी लिहिल्या, मग पुसल्या.

रविवारी ती सिस्टरांचा कोट स्वतः घेऊन गेली. पत्ता पावतीवर होता. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, सगळं जागच्या जागी. मावशीने खुर्चीच्या कडेवर बसून एकोणिसावं पान वाचून दाखवलं. दीड डोळा का, हिंट किती मिनिटं झोपते, निळे मणी कसे आटतात. आणि शेवटी: 'कमी दिसणाऱ्यांसाठी. तळघरात तुम्हाला काही दिसलं नाही तर डोळ्यांना दोष देऊ नका. मलाही दिसलं नाही. हा खेळ घेऊ नका.'

सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या.

"डॉक्टरने मला तेव्हाच सांगितलं होतं, की डावा डोळा ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "मीच विश्वास ठेवला नाही. म्हटलं, डॉक्टरला काय कळतं? भिंगने साडेचार दिलेत."

"मी तुमची माफी मागायला आलेय."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर बरोबरच लिहिलं होतं." त्यांनी कोट घेतला, उजेडात धरून बघितला, घडी घालून कपाटात ठेवला. "पण आता मी कुणाचं वाचून खेळ घेत नाही. तुमचंही घेणार नाही. राग मानू नका. एकदा तसं झालं की मग नको वाटतं."

मावशी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि वही उचलून ती जिना उतरली.

बबडी कायम झाली. नोकरी तिने सोडली नाही. भाड्याची खोली घेतली होती, नोकरी सोडून चालणार नव्हतं. तिने फक्त विभाग बदलून घेतला, आता ती मणी जुळवायच्या खेळांसाठी मणी रंगवते. दीड-दोन महिन्यांनी तिने मावशीला फोन केला. "कंटाळवाणं आहे," ती म्हणाली, "पण निदान अंधार नाही." मावशीने विचारलं, "शेवटच्या तीन चालींना निळे मणी येतात का गं?" बबडी हसली, पण ते हसू पहिल्यासारखं नव्हतं. "ते मी ठरवत नाही, मावशी. मी फक्त रंगवते."

मैत्रीण एकदा बस स्टॉपवर दिसली. रस्त्याच्या पलीकडे. तिने हात वर केला, पुरता नाही, खांद्यापर्यंत. मावशीलाही तो दिसला, सगळ्या गर्दीत पहिला तोच दिसला. पण तिचा हात पिशवीतून निघाला नाही. मधे एक ट्रक आला, आणि तो गेल्यावर दोघीही दुसरीकडे बघत होत्या.

मालकाने सुचवून बघितलं, की काउंटरमागे फळा लावू, तू त्यावर लिही. नवरा म्हणाला, नवी साइट काढू, मी टाइप करीन, मला येतं. मावशीने दोघांनाही नको म्हटलं. डोळे द्यायचे तिने बंद केले. खेळायचं मात्र सुटलं नाही. तेवढं एक सुटेना.

परवा असंच जेवणं आटोपल्यावर ती एका नव्या खेळात घड्याळजीच्या दुकानाचं चित्र धुंडाळत होती. यादीतला चिमटा सापडत नव्हता. मग दिसला. लंबकाच्या मागे, अर्धा काचेत उमटलेला. इतका सुरेख ठेवलेला, की तिने कपाळावर हात मारला आणि एक अख्खं वाक्य तिच्या मनात तयार झालं, चित्रकाराबद्दल, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. ते कुणाला द्यावं हे तिला कळेना. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "ऐकताय का?"

"बोल ना," फोनवरून नजर न काढता तो म्हणाला, "ऐकतोय."

त्याच्या हातात मणी फुटत होते. मावशीने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि तरीही बोलायला सुरुवात केली.